दोन संगणक आणि एक गाणे



आपल्या कार्यक्रमांत अलीकडे ‘ट्रॅक’वर गाणारे वाढले आहेत. तबलजी मिळत नाही, पेटीवाले काका आता मुलाकडे बंगळुरूला असतात, म्हणून घरीच संगणकावर साथ तयार करायची आणि कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन जायचे, असे चालले आहे. मीही तेच करते. या मंडळींकडून मला वारंवार येणारा प्रश्न एकच: घरच्या संगणकावर केलेले काम लॅपटॉपवर नीट का उघडत नाही? याचे उत्तर फोनवर देऊन देऊन थकले, म्हणून हा लेख. ज्यांनी हे सॉफ्टवेअर कधी पाहिलेले नाही त्यांनाही कळेल असे लिहिते आहे. घरातल्या मोठ्यांचे आवाज ज्यांनी कुठेतरी मुद्रित करून ठेवले आहेत, त्यांनी तर जरूर वाचावा.

आधी माझी फजिती सांगते. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम कुकटपल्लीला होती. मी कोठीहून मेट्रोने लॅपटॉप घेऊन गेले. समोर गाणारी आठ मुले, त्यांच्या आया, दोन आजोबा. गाणे उघडले तर पडद्यावर एक चौकट आली: अमुक अमुक प्लगइन सापडले नाहीत. यादी सात नावांची होती. वाजवून पाहिले तर तानपुरा गप्प, तबला गप्प, पेटी गप्प. फक्त मी घरी मुद्रित केलेल्या टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. शेवटी एका आजोबांनी टेबलावर केरवा धरला आणि तालीम पार पडली. मुलांना तेच जास्त आवडले, हा भाग वेगळा.

घरी येऊन संगणक सुरू केला, तर तेच गाणे तिथे ठणठणीत वाजत होते. बिघडले काहीच नव्हते. फाइल तीच होती, पण तिला लागणारी मंडळी दुसऱ्या घरी राहत नव्हती.

हे समजायला आपल्या मराठी माणसाला एक जुना अनुभव पुरेसा आहे. युनिकोड यायच्या आधी आपण श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आमंत्रणपत्रिका टाइप करत होतो. घरी छान देवनागरी दिसायची. तीच फाइल फ्लॉपीवर घेऊन छापखान्यात गेलो आणि तिथे तो फाँट नसला, की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा. फाइलमध्ये अक्षरांची चित्रे नसायचीच. ‘इथे या फाँटमधले अमुक क्रमांकाचे चिन्ह’ अशी सूचना असायची. फाँट नाही तर अक्षर नाही.

संगीताच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल अगदी तशीच असते. तिच्यात गाणे नसते, गाणे कसे जुळवायचे याच्या सूचना असतात. या सेकंदाला हा मुद्रित तुकडा वाजव, त्याचा आवाज एवढा ठेव, त्यावर अमुक कंपनीचे प्रतिध्वनीचे प्लगइन या मापाने लाव. त्या पट्टीवर पेटीचे हे सूर आहेत, ते अमुक प्लगइनकडून वाजवून घे. म्हणूनच ही फाइल छोटी असते. मी ‘रीपर’ नावाचे सॉफ्टवेअर वापरते. त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते आणि आत चक्क वाचता येणाऱ्या ओळी दिसतात. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी एकदा उघडून पाहावी (सेव्ह मात्र करू नये). त्यात प्लगइनांची नावे आणि मुद्रित तुकड्यांचे पत्ते सापडतील. आवाज सापडणार नाही.

म्हणजे एक गाणे दुसऱ्या संगणकावर जसेच्या तसे वाजायला तिथे बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात: मूळ सॉफ्टवेअर, मुद्रित तुकडे, प्रत्येक प्लगइन, त्या प्लगइनाचा परवाना, आणि वाद्यांच्या प्लगइनांना लागणारे नमुन्यांचे भांडार. हे नमुने म्हणजे खऱ्या तबल्याचे, सतारीचे, पेटीचे एकेक बोल आणि सूर मुद्रित करून ठेवलेल्या फाइली. एखादे मोठे भांडार वीस-तीस जीबीचेही असते. यातली एक वस्तू कमी पडली की गाणे लंगडे होते, आणि कोणती कमी पडली हे दरवेळी संगणक नीट सांगतोच असे नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळे मनावर घेतले.

आमच्या आत्या लग्न होऊन परभणीकडून हैदराबादला आल्या आणि काचीगुड्याच्या घरात राहिल्या. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हादग्याची गाणी, लग्नातली हळदीची गाणी त्यांना अमाप येत होती. त्यांच्या मराठीत मराठवाड्याचे शब्द, मध्येच एखादा दख्खनी ‘हौ’, एखादा तेलुगू शब्द. ही भाषा पुस्तकांत फार कमी सापडते. १९०७ मध्ये इथे विवेकवर्धिनी सुरू झाली तेव्हापासून आपल्या लोकांनी मराठी वाचणे-लिहिणे जपले. पण बायकांनी चुलीशी आणि जात्याशी म्हटलेले बरेचसे घरातच राहिले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर गेल्या. ‘पारी’ने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर आणायला सुरुवात केली. ते काम पाहिले आणि वाटले, आपल्या घरातल्या निदान चाळीस तरी ठेवू.

दोन दुपारी आत्यांकडे जाऊन मुद्रण केले. पंखा बंद करून घामाघूम होऊन त्या गात होत्या. मध्येच म्हणाल्या, “तू बाई त्या डब्यात नीट भरून ठेव. मी काही पुन्हा पुन्हा म्हणणार नाही.” डबा म्हणजे माझा लॅपटॉप.

पहिल्या दुपारी मी आधी प्रोजेक्टला नाव देऊन जागा ठरवली आणि मग मुद्रण केले. त्यामुळे आवाजाच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये उतरल्या. दुसऱ्या दुपारी आत्या बसल्याबरोबर म्हणायलाच लागल्या, म्हणून मी नाव न देताच लाल बटण दाबले आणि प्रोजेक्ट नंतर सेव्ह केले. अशा वेळी सॉफ्टवेअर आवाज आपल्या ठरीव जागी ठेवते; माझ्या लॅपटॉपवर ती जागा दुसऱ्याच एका फोल्डरात होती. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे मी प्रोजेक्टचे फोल्डर घरच्या संगणकावर उतरवले, ‘झाले’ म्हणून निश्चिंत झाले, आणि काही महिन्यांनी लॅपटॉप मंद चालतो म्हणून तो पुसून नव्याने बसवला.

आत्या गेल्यावर वर्षश्राद्धाच्या वेळी सगळ्यांना ऐकवावे म्हणून ते उघडले. पहिल्या दुपारचा आवाज होता. दुसऱ्या दुपारच्या पट्ट्या होत्या, त्यांवर मी लिहिलेली गाण्यांची नावे होती, आणि आत काही नव्हते. पत्ता होता, घर पाडले होते. ही चूक कोणत्या सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. पहिल्या दुपारच्या मुद्रणावर पंख्याची आणि रस्त्याची घरघर काढायला मी जे प्लगइन लावले होते, त्याची ती आवृत्ती तोवर बंद झाली होती. मात्र मूळ आवाज शाबूत असल्याने सफाई पुन्हा करता आली. प्लगइन गेले तर काम पुन्हा करता येते, मूळ आवाज गेला की काही करता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

तेव्हा दोन संगणक एकसारखे ठेवायचे म्हणजे काय करायचे, हे माझ्या अनुभवातून सांगते.

पहिल्यांदा स्वतःला विचारा, दोन्ही संगणक एकसारखे असण्याची खरेच गरज आहे का? आपल्यापैकी बहुतेकांना नसते. घरचा संगणक काम करण्यासाठी आणि लॅपटॉप कार्यक्रमात वाजवण्यासाठी असेल, तर लॅपटॉपवर एकही प्लगइन नको. घरी गाणे पूर्ण झाले की प्रत्येक वाद्य वेगळी आवाजाची फाइल म्हणून काढून घ्यावे. तबला एक, पेटी एक, तानपुरा एक, कोरस एक. सगळ्या फाइली शून्य सेकंदापासून सुरू करायच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. पत्रिका पीडीएफ करून छापखान्यात देण्यासारखेच हे. कार्यक्रमात तबला जास्त वाटला तर कमी करता येतो, आणि संपूर्ण गाण्याची एकच फाइल नेल्यावर होते तशी अडचण होत नाही.

याला जागा किती लागते, असे लोक विचारतात. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने एकपदरी आवाजाची एका मिनिटाची वेव्ह फाइल साधारण साडेआठ एमबीची होते. पाच मिनिटांच्या गाण्याच्या बारा पट्ट्या काढल्या तरी पाचशे एमबीच्या आसपास. स्टिरिओ असतील तर दुप्पट. आज पेनड्राइव्हवर अशी कितीतरी गाणी मावतात. एमपी३ मात्र करू नका. ती पाठवायला ठीक आहे, ठेवायला नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर गाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आवाज संगणकात साठवताना सेकंदाला किती वेळा त्याचे माप घ्यायचे हे ठरवावे लागते. सीडीच्या काळापासून ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा, हे माप रूढ आहे. व्हिडिओसाठी ४८ चालते. दोन संगणकांवर दोन वेगळी मापे असली तर चांगले सॉफ्टवेअर आपणहून रूपांतर करून घेते. पण तसे न होता ४४.१ ची फाइल ४८ च्या वेगाने वाजली, तर गाणे नऊ टक्क्यांच्या आसपास वेगाने धावते आणि सूरही चढतो. पाच मिनिटांचे गाणे चार मिनिटे छत्तीस सेकंदांत संपते, आणि काळी चारमध्ये बसवलेले गाणे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी, कोणत्याच पट्टीत नसल्यासारखे वाजते. गाणाऱ्या ताईंना वाटते आज आपला गळाच बसला आहे. तेव्हा एक माप ठरवा आणि प्रोजेक्ट, दोन्ही संगणक, ध्वनिमुद्रणाचे यंत्र, सगळीकडे तेच ठेवा. मी सर्वत्र ४८ ठेवते. जुन्या कॅसेटी संगणकात उतरवणाऱ्यांसाठी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे, निदान ४८ तरी हवे असे त्या सांगतात.

आता ज्यांना खरोखरच दोन्हीकडे काम करायचे आहे त्यांच्यासाठी. दिवसा गच्चीबावलीत नोकरी, रात्री घरी, सुटीत लॅपटॉप घेऊन नांदेडला सासरी. अशी तरुण मंडळी आपल्यात आहेत.

त्यांना माझा पहिला सल्ला आवडणार नाही. प्लगइन कमी करा. फुकट मिळतात म्हणून मी एकेकाळी एकशे चाळीसच्या वर जमवले होते. एका रविवारी बसून माझी सगळी गाणी उघडली आणि खरोखर वापरलेली मोजली, ती भरली नऊ. बाकीची काढून टाकली. नऊ वस्तू दोन घरांत सारख्या ठेवणे जमते, एकशे चाळीस कोणालाच जमत नाहीत. शिवाय सॉफ्टवेअरबरोबर येणारी प्लगइन आधी वापरून पाहा. ती दोन्हीकडे असतातच.

प्लगइन दुसरीकडे नेताना त्याची फाइल उचलून पेनड्राइव्हवर घालायची हौस अनेकांना असते. कधीकधी चालते, बहुतेक वेळा नाही. कारण बसवताना ते आपले सामान संगणकात ठिकठिकाणी ठेवते आणि परवान्याची नोंदही वेगळीकडे करते. म्हणून मूळ बसवण्याची फाइलच जपून ठेवावी. माझ्याकडे ‘बसवण्या’ नावाचे एक फोल्डर आहे. जे जे उतरवून घेतले ते आवृत्तीच्या क्रमांकासह त्यात आहे. कंपनी जुनी आवृत्ती काढून टाकते तेव्हा हेच फोल्डर कामी येते. सोबत कोठीत घेतलेली एक साधी दोनशे पानी वही आहे: प्लगइनाचे नाव, आवृत्ती, प्रकार, कोणत्या ईमेलवर घेतले, किती संगणकांवर चालते. ही यादी संगणकात का नाही, असे मुलगा हसून विचारतो. संगणक बंद पडल्यावरच ती लागते, म्हणून.

‘प्रकार’ हा रकाना का, तेही सांगते. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली, आणि तिच्यामुळे एकाचे वाद्य दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसू लागले. २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. एकाच प्लगइनाचे व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ असे दोन अवतार एका संगणकावर शेजारी शेजारी असू शकतात. नावे तीच, दिसायलाही तीच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. घरी तुम्ही व्हीएसटी२ वापरलेत आणि लॅपटॉपवर फक्त व्हीएसटी३ असेल, तर बहुतेक वेळा ‘सापडले नाही’ असाच निरोप येतो, आणि आपण म्हणतो, अहो, हे काय समोर दिसतेय! दोन्हीकडे व्हीएसटी३च बसवायचे असे ठरवून टाकले की ही भानगड मिटते. एक संगणक ॲपलचा आणि दुसरा विंडोजचा असेल तर आणखी जपावे लागते. ॲपलची स्वतःची एयू ही पद्धत विंडोजवर नाहीच. लॉजिक हे सॉफ्टवेअरही नाही. ॲपलने २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती थांबवली. अमेरिकेतला भाचा मोठ्या प्रेमाने लॉजिकचे प्रोजेक्ट पाठवतो आणि आपण इकडे विंडोजवर बसलेलो असतो. त्याला सांगावे, बाबा रे, प्रत्येक वाद्याची वेव्ह फाइल पाठव.

२०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेण्यासाठी ‘डॉप्रोजेक्ट’ नावाचा खुला फाइल-प्रकार आणला आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्यालाही समोर प्लगइन असावेच लागते.

अपडेटचा त्रास सर्वांत फसवा. साधारणपणे जुन्या आवृत्तीत केलेले काम नव्या आवृत्तीत उघडते, उलटे होईलच असे नाही. नमुन्यांची वाद्ये वाजवणाऱ्या काँटॅक्टचे उदाहरण घ्या: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेले वाद्य जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे एकाच संगणकावर अपडेट दाबले, तिथे गाणे उघडून सेव्ह केले, की दुसरीकडची वाट बंद. हैदराबादच्या रस्त्यांवर चुकले तर पुढे कुठेतरी यू-टर्न तरी मिळतो. इथे तोही नाही. म्हणून माझा नियम असा आहे की अपडेट करायचे तर दोन्ही संगणकांवर एकाच दिवशी, आणि श्रावण लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत अजिबात नाही. त्या काळात संगणक कितीही विनवण्या करो. संगणकाची मूळ प्रणाली बदलण्याआधी तर दहादा विचार करावा. २०१९ मध्ये ॲपलच्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरे चालवणे थांबवले, तेव्हा एका रात्रीत अनेकांची जुनी वाद्ये मुकी झाली.

परवान्यांचे तीन प्रकार आढळतात. काही परवाने त्या एका संगणकाला बांधलेले असतात आणि दोन-तीन संगणकांपर्यंत मुभा असते. काही आयलॉकसारख्या यूएसबी किल्लीवर राहतात, किल्ली जिथे लावाल तिथे प्लगइन चालते. काही इंटरनेटवरून तपासले जातात. तिसरा प्रकार घरी सोयीचा वाटतो, पण कार्यक्रमाच्या सभागृहात तळमजल्यावर मोबाइलची एक कांडीही नसते तेव्हा रडवतो. किल्लीचा प्रकार बरा, फक्त ती किल्ली घरी विसरू नये. मी ती लॅपटॉपच्या पिशवीला दोरीने बांधली आहे. आणि संगणक पुसण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यावरचे परवाने आठवणीने सोडवून घ्यावेत. नाहीतर मुभेतला एक संगणक फुकट जातो आणि कंपनीशी ईमेल लिहीत बसावे लागते.

नमुन्यांची भांडारे मी बाहेरच्या एका एसएसडीवर ठेवली आहेत. ती डिस्क दोन्ही संगणकांना आलटून पालटून लावते. यात एक बारीक युक्ती आहे. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते, आणि ते अक्षर दोन संगणकांवर वेगळे असू शकते. घरी ती डिस्क ‘ई’ आणि लॅपटॉपवर ‘एफ’ झाली, की प्लगइन घरचा पत्ता घेऊन लॅपटॉपवर दारोदार फिरत बसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्हीकडे तिला ‘एस’ हेच अक्षर ठरवून दिले, तेव्हापासून विचारणा बंद झाली.

गाण्यांची फोल्डरे मात्र क्लाउडवर ठेवली तरी चालतात, दोन अटींवर. एक गाणे एका वेळी एकाच संगणकावर उघडायचे. घरी उघडे ठेवून लॅपटॉपवरही उघडले आणि दोन्हीकडे सेव्ह केले, तर एकाच गाण्याच्या दोन प्रती तयार होतात आणि कुठली खरी हे आपल्यालाच आठवत नाही. दुसरी अट: घरून निघण्यापूर्वी सगळे वर चढल्याची खूण पाहायची, आणि लॅपटॉपवर फाइली प्रत्यक्ष उतरल्या आहेत ना ते तपासायचे. जागा वाचवण्यासाठी क्लाउड पुष्कळदा नुसते नाव दाखवते आणि फाइल मागितल्यावर उतरवते. सभागृहात मागितली तर काय होणार, ते वर आलेच आहे.

आणि आत्यांच्या दुसऱ्या दुपारी मी जे केले नाही, ते. लाल बटण दाबण्यापूर्वी प्रोजेक्टला नाव द्या आणि त्याचे स्वतंत्र फोल्डर करा. रीपरमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना सगळे आवाज प्रोजेक्टच्या फोल्डरात आणण्याची खूण करता येते. एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे, क्युबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’. आधी मुद्रण केले असले तरी हे नंतर करता येते, फक्त मूळ फाइली शाबूत असेपर्यंत. मग ते फोल्डर दुसऱ्या संगणकावर न्या आणि तिथे उघडून, वाजवून, शेवटपर्यंत ऐका. उघडले म्हणजे झाले असे समजू नका. आपल्या घरातले कोणी मोठे माणूस गात असेल तर एवढ्याने थांबू नका: कोणतेही प्लगइन न लावलेला मूळ आवाज वेगळा काढा, फाइलच्या नावात गाणाऱ्याचे नाव, गाणे, गाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवायला द्या.

आत्यांच्या दुसऱ्या दुपारच्या एकवीस पट्ट्यांपैकी एक परत मिळाली. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यातला एक पाळणा एमपी३ करून नांदेडच्या चुलतबहिणीला फोनवर पाठवला होता, तिच्या नातीचे बारसे होते म्हणून. तिने तो पुसला नव्हता. आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे आणि शेवटच्या कडव्याच्या आधी तो तुटतो. ती फाइल आता माझ्या दोन्ही संगणकांवर, एसएसडीवर आणि बहिणीच्या फोनवर आहे. उरलेल्या वीस गाण्यांची नावे वहीत लिहून ठेवली आहेत. परभणी, हिंगोली, नांदेडकडची ही गाणी कोणाच्या आईला, मावशीला, आजीला येत असतील तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. मी दोन्ही संगणक घेऊन येईन.